हॉलचं भाडं नक्की कोण भरतं?

"काकू, बडोद्यात मांजलपूरला माझा डान्स स्टुडिओ आहे, सहा वर्षं झाली. मुलं 84. त्यातली 66 हौशी, चार बॅचमध्ये, आठवड्यात दोन दिवस एकेक तास, फी 1,200. उरलेली 18 कॉम्पिटिशन बॅचची, पाच दिवस दोन-दोन तास आणि रविवारी चार तास, फी 1,800. हॉलचं भाडं 32,000. कॉम्पिटिशनवाल्यांमुळे नाव झालं, भिंतभर ट्रॉफ्या आहेत, पण दिवाळीनंतर हौशी बॅचमधली 9 मुलं सोडून गेली. हौशी बॅच सध्या माझी एक जुनी विद्यार्थिनी घेते, ती कॉलेजला आहे, कारण मला वेळच होत नाही. वर आयांची भांडणं, कोण पुढच्या लाइनीत, कोण मागच्या. हौशी बॅचमधली एक आई रोज जिन्यात गाठते, माझ्या मुलीला पण कॉम्पिटिशनला घ्या म्हणून. एका मुलीची पायाची नळी दुखते म्हणून ती रडत असते. आणि परवा सात वर्षांच्या एका पोरीने मला विचारलं, मॅम, तुम्ही फक्त मेडलवाल्यांच्या मॅम आहात का? मी हसून टाळलं. नवरा म्हणतो दोन्हीतलं एक बंद कर. कुठलं करू?
घुंगरूवाली, मांजलपूर"

घुंगरूवाली पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. मी स्वतः दांडिया बाजारात 22 वर्षं क्लास चालवला, दुसरा मजला, खाली फरसाणचं दुकान, तिथल्या तळणाच्या वासात पोरी अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या पायाभूत हालचाली, करायच्या आणि क्लास सुटला की सगळ्या आधी खाली पळायच्या. त्यामुळे तू जे जे लिहिलंयस ते सगळं मी करून बसलेली आहे, चुकांसकट.

आधी हिशोब. हौशी 66 मुलं गुणिले 1,200, झाले 79,200. चार बॅच, आठवड्याला 8 तास, महिन्याचे 32. म्हणजे तासाला 2,475 रुपये. कॉम्पिटिशनचे 18 गुणिले 1,800, झाले 32,400. आठवड्याला 14 तास, महिन्याचे 56. तासाला 580 रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत! आणि त्यात तू रात्री बसून गाणी कापतेस, कपड्यासाठी मंगळबाजारात हिंडतेस, मुलांना घेऊन प्रवास करतेस, ते तास मी धरलेच नाहीत, धरले असते तर तुझ्या कामवालीला तुझ्यापेक्षा जास्त मिळतं असं निघालं असतं.

तर हॉलचं भाडं कोण भरतं? ती 66 पोरं. एसीचं बिल, आरसे, स्पीकर, त्या कॉलेजच्या मुलीचा पगार, सगळं तीच भरतात. आणि त्या पैशात तू 18 जणांना स्वस्तात मेडलं मिळवून देतेस. हे पाप आहे असं मी म्हणत नाही, पण हे तू त्या 66 घरांना कधी सांगितलेलं नाहीस आणि मला वाटतं स्वतःलाही नाही.

आपल्या बडोद्यात कलावंत कारखाना होता माहितीय ना, नाव कारखाना पण संस्थानाचं खातं, गवई, बीनकार, नाचणाऱ्या सगळ्यांना दरबारचा पगार. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या, त्यांच्या लग्नाबरोबर तिकडून नाचणारी मंडळी इथे आली आणि दरबारच्या जिवावर राहिली, म्हणून तर इतक्या लांब गुजरातेत भरतनाट्यम रुजलं. त्यांना बॅचची फी किती, भाडं किती ही चिंता नव्हती, त्यांच्या पाठीशी महाराज होते. तुझ्या पाठीशी कोण आहे? मंगळवार-गुरुवार पाच वाजता येणारी, अर्धी बाटली पाणी सांडणारी पोरं. तेच तुझे महाराज. आणि त्यांच्यापुढे तू कोणाला उभं केलंस, तर 19 वर्षांच्या एका मुलीला, जिचं स्वतःचं सबमिशन चालू असतं.

ती मुलगी वाईट शिकवत असेल असं मुळीच नाही हां. पण नवशिक्याला शिकवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, मेडलवाल्याला शिकवणं सोपं, त्याला फक्त सांगायचं असतं. जिला डावा-उजवा कळत नाही, जी आरशात स्वतःकडे बघत वेण्या नीट करत बसते, जी कोपऱ्यात उभी राहते कारण तिला शाळेत कोणीतरी जाडी म्हटलंय, तिला चार महिन्यांत तालात आणायचं तर त्यासाठी तुझ्यासारखीच पाहिजे, अनुभवाची. आम्ही शिकवणारे उलटं करतो. जी आधीच नाचते तिच्यावर सगळा जीव टाकतो, कारण त्यात आपलं नाव होतं. मी पण केलं. एकदा माझी एक हौशी बॅच होती, 14 जणी, आणि त्यातल्या एकीचंही आडनाव मला येत नव्हतं, हे मला फीची पावती फाडताना कळलं. अजून लाज वाटते.

ती 9 मुलं का गेली ते तुला कोणी सांगणार नाही. आया सांगतात "स्कूलनुं बर्डन छे ने", आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या क्लासला नाव घालतात.

तेव्हा नवऱ्याला सांग, बंद काहीच करायचं नाही. फक्त कोण कोणाच्या जिवावर चाललंय ते आधी सरळ करायचं. चारही हौशी बॅचचा आठवड्यातला एक तास तू स्वतः घे. दुसरा ती कॉलेजची मुलगी घेईल, पण तू काय शिकवलंस ते वहीत लिहून ठेवायचं आणि तिने तेच पुढे न्यायचं, म्हणजे मुलांना दोन मॅम दोन गोष्टी सांगतायत असं होणार नाही. आणि दर तीन महिन्यांनी तुझ्याच हॉलमध्ये आई-बाबांना बोलवायचं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कॉस्च्युम नाही, घरचा कुर्ता-लेगिंग, अर्धा तास, जे शिकलो ते दाखवायचं. हौशी मुलांना मेडल नको असतं गं, त्यांना कोणीतरी बघायला पाहिजे असतं. नाहीतर होतं काय, वर्षातून एकदा ॲन्युअल डे, त्यात कॉम्पिटिशनवाल्या पुढे नाचतात आणि ही पोरं मागे झाडं आणि ढग. झाडाचा कॉस्च्युम मात्र आईनेच शिवायचा! (ॲन्युअल डेला तिकीट लावून हॉल घेत असशील तर गाण्यांचं लायसन्सही आधी काढ, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पीपीएल आणि आयपीआरएस या दोन्ही संस्थांकडे चौकशी कर, आयत्या वेळी हॉलवाला अडवतो.)

आता कॉम्पिटिशन बॅच. आठवड्याला 14 तास? कोणाला तयार करतेयस? स्पोर्ट्स मेडिसिनवाले एक साधा ठोकताळा सांगतात की मुलाचं वय जितकी वर्षं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्यात ठरवून केलेली ट्रेनिंग नको. तुझ्या बॅचमध्ये नऊ-दहा वर्षांची पोरं असणारच, ती 14 तास नाचतात, वर शाळेची पीटी, वर सोसायटीतली सायकल. मग नळी दुखणार नाही तर काय होईल.

त्या नळीचं जरा मनावर घे. तुझा हॉल मी बघितलेला नाही पण मांजलपूरला नव्या बिल्डिंगमध्ये आहे म्हणजे खाली स्लॅब आणि वर चकचकीत टाइल्स, पैज लावते. त्यावर उडी मारली की जमीन काहीच सोसत नाही, सगळा धक्का पोरीच्या नळीत आणि गुडघ्यात जातो. वाढीच्या वयात, 11 ते 14 च्या आसपास, हाडं भराभर लांब होतात आणि स्नायू मागे पडतात, त्यात गुडघ्याच्या खाली जो उंचवटा असतो तिथेही खूप दुखतं, आणि आपण म्हणतो नखरे करते. तुझी मुलगी रडली ना, तर तिला उड्या बंद, आणि एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर बाम चोळत बसू नकोस, सरळ हाडाच्या डॉक्टरकडे पाठव, हाडाला बारीक चीर असू शकते. आणि जिममध्ये असतात ती जोडायची रबरी मॅट टाकू नकोस, सगळे तीच टाकतात, त्यावर तळवा चिकटतो आणि गिरकी घेताना पाय तिथेच राहतो, गुडघा फिरतो. सुताराला बोलव, खाली फोमचे तुकडे, वर प्लायचे दोन थर आडवे-उभे, वर व्हिनाइल. पूर्ण हॉल नाही जमला तर अर्धा कर, उड्या अर्ध्यात. पुढची ट्रॉफी नाही आली तरी चालेल, आधी ही जमीन.

तास कमी कर. तीन दिवस दीड-दीड तास, रविवारी तीन, झाले साडेसात. आणि फी 2,400. हो, तास निम्मे आणि फी जास्त, आया भडकणार, भडकू देत. हिशोब बघ: चार जणी सोडून गेल्या तरी 14 जणांचे 33,600 होतात, आत्ताच्या 32,400 पेक्षा जास्तच. एन्ट्री फी, कॉस्च्युम, प्रवास, गाणं एडिट करायचे पैसे हे फीत धरायचे नाहीत, वेगळे, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच एका कागदावर लिहून आई-बाबा दोघांची सही घ्यायची. त्यात हे पण लिही की कापड कापल्यावर कॉस्च्युमचे पैसे परत मिळणार नाहीत. माझ्याकडे एकदा आठ घागरे शिवून झाले आणि तीन जणी मामाच्या लग्नाला निघून गेल्या, ते तीन घागरे पुढे चार वर्षं माझ्या कपाटात होते, शेवटी एकाचा पडदा केला.

जीएसटीची भीती काही लोक घालतात. तुझं वर्षाचं साडेतेरा लाखाच्या आत येतंय आणि सेवांची मर्यादा 20 लाख आहे, तेव्हा आत्ता झोप नको उडवून घेऊस, पण पावत्या नीट ठेव आणि वर्षातून एकदा सीएला दाखव.

आणि कुठल्या स्पर्धेत जायचं ते जरा निवडून. मी एकदा 11 मुलींना घेऊन परराज्यात "नॅशनल" ला गेले होते, ट्रेनने, पोळ्यांचे डबे, थेपले, एका मुलीची आजी पण बरोबर. हॉटेलचा बँक्वेट हॉल, स्टेजच्या मागे लग्नाचं डेकोरेशन तसंच राहिलेलं. आमचा तिसरा नंबर आला. पोरी नाचल्या, रडल्या, फोटो काढले, एवढी मोठी ट्रॉफी की ट्रेनमध्ये तिला वेगळी सीट लागली. घरी आल्यावर एका मुलीच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, टीम किती होत्या? मी म्हटलं आमच्या गटात... आणि गप्प बसले. तीन होत्या.

तेव्हापासून मी फॉर्म भरायच्या आधी फोन करून विचारायचे: गटात मागच्या वर्षी किती टीम आल्या, परीक्षक कोण आणि त्यांनी नाचात काय केलंय, आणि मार्कांचा कागद हातात देता की नाही. तिसऱ्या प्रश्नावर जो अडखळला त्याच्याकडे जायचं नाही. तो ट्रॉफ्या विकतो, तू गिऱ्हाईक. आपल्याकडे सरकारचा कला महाकुंभ आहे, खालच्या पातळीपासून राज्यापर्यंत चढत जायचं, तिथे हरलं तरी कळतं की आपण कुठे आहोत. वर्षाला दोन स्पर्धा पुष्कळ झाल्या. आणि ज्या मुलांना काहीतरी चढायची शिडी हवीय पण स्पर्धा झेपत नाही, त्यांच्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेतच, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्या शास्त्रीयच्या, तू बॉलिवूड-कन्टेम्पररी शिकवत असशील तर ते त्यात बसणार नाही, पण तू स्वतः भरतनाट्यम शिकलेली असशील तर सकाळची एक छोटी बॅच काढून बघ. विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीची ओढ असलेली घरं या गावात अजून आहेत, 1886 च्या गायनशाळेपासूनची सवय आहे ही, एका मॉलने जात नाही.

आता आया. जिन्यात बोलायचं नाही, कधीच नाही. जिन्यात उभ्याउभ्या तू "बघू" म्हणतेस आणि तिने ते "हो" ऐकलेलं असतं. शनिवारी साडेसहा ते सात भेटायची वेळ, खुर्चीवर बसून, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं अशी सेटिंग आजच कर. कॉम्पिटिशन बॅचची निवड वर्षातून एकदाच, जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, आणि बघायला तुझ्याबरोबर बाहेरचं कोणीतरी बसव, फॅकल्टीतलं एखादं ओळखीचं. काय बघणार ते आधीच सांगून टाक: ताल, लक्षात ठेवणं, आणि हजेरी. हजेरी नक्की ठेव, ती एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर कोणत्याही आईला भांडता येत नाही, रजिस्टर उघडून दाखवायचं.

पुढची-मागची लाइन, तर नाच असा बसव की दर 16 मात्रांना लाइनी बदलतात. हे मी भांडण टाळायला सुरू केलं आणि मग लक्षात आलं की नाचही चांगला दिसतो, प्रेक्षकाला एकाच पोरीचं तोंड चार मिनिटं बघायला लागत नाही.

आणि जिन्यातल्या त्या आईला जूनची तारीख सांग आणि एवढंच विचार, मुलीला यायचंय का तुम्हाला? मी हे विचारलं की निम्म्या जणी चिडायच्या. उरलेल्या निम्म्या घरी जाऊन मुलीला विचारायच्या आणि पुढच्या शनिवारी हसत यायच्या, काकू, ती म्हणते मंगळवार-गुरुवारच बरं आहे, शुक्रवारी तिला ड्रॉइंग आहे.

एक विसरले. नवरात्राच्या आधी तू गरबा बॅच का घेत नाहीस? बडोद्यात राहून! पत्रात एक शब्द नाही त्याबद्दल. मला वाटतं तेव्हाही तुझी स्पर्धेची तयारी चालू असते. अगं, श्रावणापासून अख्खं गाव दोढियुं, गरब्याचा एक प्रकार, शिकायला निघतं, इंजिनियर, सासवा, परदेशातून आलेल्या भाच्या, 20 दिवसांची बॅच, फी आगाऊ, कोणाला मेडल नको, कोणाची आई जिन्यात येत नाही. युनेस्कोने 2023 च्या डिसेंबरात गरब्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याने आपलं भाडं काही कमी झालं नाही, पण शिकायला येणारे आहेतच ना. रोज एक तास, 40 माणसं, त्यातून तुझी ती प्लायची जमीन निघेल. आणि त्यातल्या चार-पाच बायका नवरात्र संपल्यावर विचारतात, आमच्यासाठी वर्षभर काही आहे का? त्यांची सकाळी 11 ची बॅच कर, डबे गेले, पोरं शाळेत, हॉल तेव्हा रिकामाच असतो. माझी सगळ्यात आनंदाची बॅच तीच होती, सहा जणी, एकीला संधिवात, एकीला ताल अजिबात नाही, आणि क्लास झाल्यावर सेव उसळ खायला जायच्या, मला पण न्यायच्या. तुझं पत्र वाचून तू दमलेली वाटतेस, त्याच्यावर मला दुसरं औषध माहीत नाही.

राहिली ती सात वर्षांची. तिला अजून उत्तर दिलं नाहीयेस. बोलून देऊ नकोस, मुलांना कळतं कोण गोड बोलतंय. मंगळवारी पाच वाजता तूच हॉलमध्ये जा, हजेरी तू घे, आडनावासकट, आणि ती येईल तेव्हा तिला पहिल्या लाइनीत उभी कर. सोळा मात्रांनी ती मागे जाईलच.

काकू